भिंतीपलीकडचा बलक

अंड्याच्या बलकाचा रंग हा अंड्याच्या कसाचा पुरावा नव्हे, हे मी माझ्या पत्नीला ज्या सकाळी साधार समजावून सांगितले, त्याच सकाळी तिने माझ्या कोंबडीचे अंडे बाजूला सारले आणि शेजाऱ्याच्या कोंबडीचे खाल्ले. माझ्या युक्तिवादात दोष नव्हता. माझ्या अंड्यातही नव्हता. "असेल हो तसं," एवढेच त्रिवेणी म्हणाली आणि तिने बशी पुढे केली. मी आयुष्यभर न्यायशास्त्र शिकवले. प्रतिपक्षाचा मुद्दा संपूर्ण मान्य करायचा आणि तरीही तसूभर हलायचे नाही, ही वादपद्धती मला कोणत्याही ग्रंथात आढळलेली नाही.

गेल्या दिवाळीच्या सुमारास त्रिवेणी न्हाणीघरात घसरली आणि तिचे मनगट मोडले. नारायणगुड्याच्या डॉक्टरांनी हाडे ठिसूळ झाल्याचे सांगितले आणि औषधांबरोबर रोज एक अंडे लिहून दिले. आमच्या घरात अंडे कधी आले नव्हते. माझे आजोबा निजामाच्या महसूल खात्यात होते, वडील वकील. दोघेही नवाबांच्या दस्तरखानाला बसून केवळ फळे खाऊन उठत आणि त्या संयमाचा दोघांनाही फार अभिमान होता. तेव्हा तडजोड अशी निघाली की अंडे हे औषध समजावे. ते मागच्या पडवीत, वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या तव्यात शिजावे आणि शिजवणाऱ्याने हातपाय धुतल्याखेरीज स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू नये. शिजवणारा मी. त्रिवेणीला ते फुटताना बघवत नसे.

बाजारच्या अंड्यांवर माझा विश्वास नव्हता. कुक्कुटपालनावर जे वाचण्याजोगे होते ते मी वाचले, जे नव्हते तेही वाचले आणि मग चार कोंबड्या आणल्या. त्यांना पांढरी ज्वारी, तांदळाची कणी, सोयाबीनची पेंड आणि शिंपल्यांचा चुरा मी तराजूवर तोलून घालीत असे. जाणकार सांगतात की कोंबड्यांना खाऊ द्यायचा तर तो एकूण खाद्याच्या दहाव्या हिश्शाहून अधिक असू नये. मी तो मुळीच दिला नाही. सवलतीचे प्रमाण ठरवत बसण्यापेक्षा सवलतच नसलेली बरी, असे माझे मत आहे.

पहिल्या आठवड्यातच या शिस्तीची परीक्षा झाली. देवपूजा आटोपून त्रिवेणी ताम्हन घेऊन मागे आली. त्यात आदल्या दिवशीची, देवावरून उतरवलेली झेंडूची फुले होती. तिने खुराड्यापाशी वाकून फुले चुरायला घेतली.

"हे काय चालले आहे?" मी विचारले.

"खातील ना. एवढी फुलं नुसती वाळून जातात."

"ते निर्माल्य आहे, त्रिवेणी. निर्माल्य पायदळी जाऊ नये असा संकेत आहे, आणि कोंबडी जे खाते ते आधी पायांनी उकरते."

"तुम्ही कधीपासून देव मानायला लागलात?"

"देव मानणे वेगळे आणि संकेताचा इतिहास ठाऊक असणे वेगळे. शिवाय यांचा आहार ठरलेला आहे. कुणीही येऊन काहीही घालायला ही धर्मशाळा नव्हे."

तिने हातातली फुले ताम्हनात परत ठेवली आणि ती निघून गेली. ताम्हन कुठे गेले हे मी विचारले नाही. निर्माल्याचे काय करतात हे घरातल्या बायकांना माहीत असते.

अंडी यथाकाल आली. बलक फिकट होता, दुधात चिमूटभर हळद घालावी तसा. पांढऱ्या ज्वारीवर पोसलेल्या कोंबडीचा तो तसाच असायला हवा. त्रिवेणी पडवीतल्या स्टुलावर बसून, डोळे मिटून, ते अंडे चार घासांत संपवीत असे आणि मी हातात कालथा घेऊन उभा राहून पाहत असे. आमच्या संसारात तिने मला वाढलेल्या ताटांची मोजदाद करण्यात अर्थ नाही. मी तिला काही करून घालतो आहे आणि ते तिच्या हाडांना लागते आहे, असे मात्र दिवसातून एवढे एकदाच घडत होते. मला त्या घटकेची सवय लागली, असे म्हणणे पुरेसे आहे.

त्या घटकेत हणमंतराव आले.

बरकतपुऱ्यात आमच्या घराला तीन बाजूंनी अपार्टमेंटांनी वेढले आहे; मागच्या बाजूला मात्र छातीएवढ्या भिंतीपलीकडे हणमंतरावांचे जुने बैठे घर अजून उभे आहे. हे गृहस्थ मूळचे उदगीरकडचे, शेतकरी घराण्यातले. अंबरपेठेत त्यांचे नळ आणि पाइपांचे दुकान आहे, पत्नी काही वर्षांपूर्वी वारली. त्यांच्या फरशीच्या अंगणात पाचसहा कोंबड्या मोकाट फिरतात. एकीचे नाव बेगम. अंडे स्वयंपाकघरात शिजवायचे नाही, या आमच्या कुळाचाराचा परिणाम असा झाला की माझा तवा दररोज त्यांच्या भिंतीखाली, त्यांच्या नजरेसमोर तापू लागला.

एका सकाळी ते भिंतीवर कोपरे टेकून उभे राहिले.

"काय वैनी, सरांनी काय बनवलंय आज?" त्यांनी मान लांब करून तव्यात पाहिले. "या खुदा! सर, हे पिवळं कुटं गेलं ह्याच्यातलं?"

"ते पिवळेच आहे," मी म्हणालो.

"हे पिवळं? ह्याला दवाखान्यात दाखवा. कोंबड्या उन्हात सोडता का लायब्रीत कोंडता तुमी?"

त्रिवेणी हसली. मनगट मोडल्यापासून ती अशी हसली नव्हती. पदर तोंडाला लावून, खांदे हलवून, आवाज न करता. ते हसू कुणी काढले हे पाहण्याची सोय मला भिंतीने करून दिली होती.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरून स्टीलची वाटी आली. वाटीत एक अंडे.

"बेगमचं हाय वैनी. अब्बीच घातलंय, गरम हाय बघा. खाऊन सांगा."

ते मी फोडले, कारण फोडणारा मीच होतो. केशर सढळ हाताने पडलेल्या शिऱ्याचा गोळा तव्यावर उतरावा तसा बलक उतरला. जिला अंडे फुटताना बघवत नसे ती त्रिवेणी स्टुलावरून पुढे वाकली.

"अगं बाई," ती म्हणाली, "हिचं असं आहे होय!"

आणि तिने ते डोळे उघडे ठेवून खाल्ले.

त्यानंतर रोज वाटी येऊ लागली. माझी स्थिती जरा नीट समजून घेतली पाहिजे. रोज सकाळी मी माझ्या शेगडीवर, माझ्या तव्यात, माझ्या हाताने दुसऱ्याच्या कोंबडीचे अंडे शिजवून माझ्या पत्नीला देत होतो आणि तो दुसरा भिंतीवर कोपरे टेकून ते नीट शिजते आहे ना यावर देखरेख करीत होता. माझ्या चार कोंबड्यांची अंडी टोपलीत साठू लागली. ती वाया जाऊ नयेत म्हणून मी स्वतः खायला सुरुवात केली. आमच्या कुळात अंडे खाणारा मी पहिला नसेन. मत्सरापोटी खाणारा बहुधा पहिलाच असेन.

मत्सर हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. मला क्रोध आला असता तर बरे झाले असते. क्रोधाला निदान एखादा अपराध लागतो. हणमंतरावांनी काय अपराध केला होता? त्यांनी एक अंडे दिले होते.

म्हणून मी त्रिवेणीसमोर शास्त्र मांडले. बलकाचा रंग म्हणजे कोंबडीने खाल्लेल्या वनस्पतींमधले स्निग्धात विरघळणारे रंगद्रव्य. कोंबडी ते स्वतः तयार करू शकत नाही. पिवळा मका, हिरवा पाला, लाल मिरची, जे घालाल ते बलकात उतरते. प्रथिने तीच, चुना तोच. तेव्हा गडद बलक म्हणजे उत्तम अंडे हे अनुमान म्हणजे शुद्ध हेत्वाभास आहे. याच प्रवचनाअखेर ती "असेल हो तसं" म्हणाली, हे वर सांगितलेच आहे.

कुक्कुटपालकांकडे बलकाचा रंग जोखण्यासाठी एक पंखा असतो. फिकट पिवळ्यापासून लालसर नारिंगीपर्यंत रंगांच्या पट्ट्या त्यात ओळीने असतात. मी तो मागवला. माझे अंडे पंख्याच्या एका टोकाला बसले, बेगमचे जवळजवळ दुसऱ्या टोकाला. हणमंतराव भिंतीवरून पाहतच होते.

"सर, कोंबडीचं नशीब बघताय का?"

मग मी ते केले जे करण्याइतका खाली उतरेन असे मला वाटले नव्हते. मी विचारले.

"हणमंतराव, तुम्ही यांना काय घालता?"

"काय घालनार? तुमचंच हाय की. पांढरी ज्वारी, कणी. अंबरपेठेतून पोतं आनतो."

"आणखी?"

"आनखी काय? कोंबडीला काय बिर्यानी घालू का सर?" ते हसले. "रंग वरून येतो. आपल्या हातात काय हाय."

पुढच्याच रविवारी मी अंबरपेठेत जाऊन त्याच दुकानातून तेच पोते आणले. त्याच प्रमाणात घातले. बलक तयार व्हायला आणि त्याचा रंग पालटायला आठवडा-दीड आठवडा लागतो. मी त्याच्या दुप्पट वाट पाहिली. रंग पंख्याच्या त्याच टोकाला चिकटून राहिला. कारण समान असताना कार्य भिन्न असू शकत नाही. तेव्हा दोनच शक्यता उरत होत्या: एक तर हजारो वर्षांचे तर्कशास्त्र चुकीचे होते, नाहीतर हणमंतराव खोटे बोलत होते. यांतून निवड करायला मला श्रम पडले नाहीत.

"तो माणूस काहीतरी रंग कालवतो," मी त्रिवेणीला म्हणालो. "बाजारात भुकट्या मिळतात. तुला दाखवायला म्हणून करतो."

ती माझ्याकडे वळली. "मला दाखवायला?"

"आणखी कुणाला?"

"तुम्ही आता ह्या वयात," ती म्हणाली, आणि वाक्य अर्धेच टाकून आत गेली. ते हसू होते की राग, हे मला तिच्या पाठीवरून कळले नाही.

माघात नांदेडहून निरोप आला. त्रिवेणीच्या धाकट्या बहिणीचे, भामाचे, गुडघ्याचे ऑपरेशन ठरले होते. त्रिवेणी महिनाभरासाठी निघाली. जाताना तिने दोनच गोष्टी सांगितल्या.

"पूजा चुकवू नका. तुमची श्रद्धा असो नसो, देवांना त्याचं काही नाही. आणि हणमंतरावांची वाटी द्यायची राहिलीय, तेवढी द्या."

मी पूजा चुकवली नाही. कोपऱ्यावरच्या फुलवालीकडून झेंडू आणले, वाहिले, दुसऱ्या सकाळी उतरवले आणि संकेताप्रमाणे तुळशीच्या बुडाशी ठेवले. तिथे ढीग होत गेला. वाटीही मी दिली, भिंतीवर ठेवून, हाक न मारता.

त्रिवेणीला जाऊन दोनेक आठवडे झाले असतील. मी पडवीत माझे फिकट अंडे खात होतो. हणमंतराव तीच वाटी घेऊन भिंतीशी आले. आज कोपरे टेकलेली नव्हती.

"सर, एक दाखवायचं होतं. हसू नका."

वाटीत फोडलेले अंडे होते. बलक माझ्या अंड्याचा सख्खा भाऊ शोभला असता.

"हे कुणाचे?"

"बेगमचं! सगळ्यांची अशीच निघालीत. मी परेशान झालो. खानं तेच, पानी तेच. वैनी गेल्या आन् अंडी फिक्कट पडली बघा." ते जरा घुटमळले. "मला तर वाटतं, कोंबड्यांना वैनींची याद येतीय."

मी घास खाली ठेवला. एका परपुरुषाने माझ्या पत्नीविषयी काढलेले इतके सुंदर वाक्य ऐकून घेण्याची वेळ माझ्यावर यावी आणि मला ते कधी सुचू नये, हे मी त्या क्षणी शांतपणे नोंदले. मग पंखा आणला. पट्टी जुळवली. माझीच पट्टी. माणूस खोटे बोलत नव्हता. त्रिवेणी असताना रंग होता, नसताना नव्हता. अन्वय आणि व्यतिरेक, दोन्ही माझ्यासमोर स्टीलच्या वाटीत पडले होते.

"हणमंतराव," मी विचारले, "ती तुमच्या कोंबड्यांना काही घालत असे का?"

"म्हंजे? घालत्यात की! रोज सकाळी. तुमी फिरायला गेलात की ताम्हन घेऊन भिंतीशी येनार. देवाची फुलं, बंतीची, तुमी झेंडू म्हनता ती. बेगम तर उडी मारून भिंतीवर बसायची, हातातून खायची." ते माझ्या चेहऱ्याकडे पाहू लागले. "तुमाला म्हाईत नाही? तुमीच सांगितलंय म्हनल्या, आमच्या कोंबड्यांना चालत नाही म्हनून."

झेंडू. जगभरचे व्यापारी ज्याच्या पाकळ्या वाळवून, कुटून, बलक पिवळा करण्यासाठी कोंबड्यांना विकत घालतात तो झेंडू. पंखा मागवताना मी ते वाचलेही होते. जे केशर पाहून माझे अन्न मला गोड लागेना, ते माझ्याच देवांवरून उतरले होते, माझ्याच ताम्हनातून भिंतीपलीकडे गेले होते आणि स्टीलच्या वाटीतून माझ्याच तव्यावर परत आले होते. हणमंतरावांचा त्यात ज्वारीपलीकडे वाटा नव्हता. मत्सराला इतके दिवस एक पत्ता होता. आता तोही राहिला नाही.

"चालत नाही," मी म्हणालो. "तेव्हा चालत नव्हते."

त्या सकाळी मी तुळशीच्या बुडचा ढीग उचलला आणि खुराड्यात नेला. माझ्या कोंबड्या माझ्या हाताला कधी आल्या नव्हत्या. त्या कोपऱ्यात सरकल्या. मी फुले जमिनीवर टाकून मागे झालो. मग त्या आल्या, आणि शास्त्रात सांगितल्याप्रमाणे आधी त्यांनी ती पायांनी उकरली. मी रोज घालीत राहिलो. भरीला लाल मिरचीची पूड घातली, कारण तांबूस छटा मिरचीने चढते. त्रिवेणीच्या परतीचा दिवस आला तेव्हा माझा बलक पंख्यावरच्या बेगमच्या जुन्या पट्टीच्याही पुढे गेला होता. विजय कसा दिसतो हे मला रंगासकट ठाऊक झाले होते.

काचीगुडा स्टेशनावरून रिक्षाने आम्ही घरी आलो. दुसऱ्या सकाळी ती पडवीत स्टुलावर बसली. मी अंडे फोडले. तिने वाकून पाहिले.

"हे कुणाचं?"

"आपले."

"रंग चढलाय."

"झेंडू घातला."

"कुठला झेंडू?"

मी कालथ्याने कड सोडवली. "देवावरचा."

तिने तव्यावरून नजर माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "पायदळी नाही ना गेला?"

"गेला."

"आणि मग?"

"आणि मग काही नाही. खा. निवेल."

तिने बशी मांडीवर घेतली, पण घास मोडला नाही. "अहो, तुम्हाला खरंच वाटलं मी रंग बघून खात होते?"

"मग काय बघून?"

"अंडं बघून मला अजून किळसच येते. गळ्याखाली जात नाही." तिने भिंतीकडे पाहिले. "बेगम माझ्या हातचं खायची, म्हणून मी तिचं खात होते. देणंघेणं होतं आमचं. तुमच्या कोंबड्यांना मी काय घातलंय कधी? तुमचं अंडं मला नुसतं औषधच लागायचं."

"रंगाबद्दल तू 'अगं बाई' म्हणालीस."

"रोज हातावर खाणारी ती, तिचं अंडं आतून कसं असेल ते कधी बघितलं नव्हतं. म्हणून म्हणाले. पंखा तुम्ही आणलात."

माझ्याजवळ उत्तर होते. माझ्याजवळ नेहमी असते. परंतु या उत्तराचा उपयोग काय, हे मला ठरवता येईना. बेगमचा मत्सर करणे माझ्या वयाला आणि विद्वत्तेला शोभण्यासारखे नव्हते, आणि तो मला वाटत होता, हणमंतरावांचा कधी वाटला नसेल इतका. तिने अर्धे अंडे खाल्ले. अर्धे झाकून ठेवले. "उद्या बघू," ती म्हणाली.

आज सकाळी पूजा तिने केली. मी फिरायला निघताना ती ताम्हन घेऊन पडवीत आली होती. पायऱ्या उतरण्यापूर्वी मी खुराड्यापाशी गेलो, कडी काढली आणि दार उघडे ठेवले. तिने ते पाहिले की नाही, मी पाहिले नाही.

फाटकापर्यंत पोचलो तोच मागून आवाज आला. "आल्या का वैनी! ही बेगम बघा, भिंतीवरच बसलीय."

पाठोपाठ कोंबड्यांचा कलकलाट झाला. तो कुठल्या बाजूचा हे वळून पाहिले असते तर लगेच कळले असते. मी वळलो नाही. फुले कुठे पडली हे आठवड्या-दीड आठवड्यात बलक सांगेल, आणि पंखा माझ्या टेबलाच्या खणात आहे.